‘कुठं बघू?’ याचं उत्तर तयार ठेवा

सोलापुरातल्या बहुतेक घरांत भिंतीवर हार घातलेला एक तरी फोटो असतो. तो जरा निरखून पाहा. पुष्कळदा तो आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. खांद्यावर शेजारच्याची बोटं तशीच राहून गेलेली, मागं मांडवाचा पडदा आणि नजर तिसरीकडंच. ज्या माणसानं उभी हयात मागावर काढली, ज्या बाईनं विड्या वळून लेकरं शिकवली, त्यांचा धड एक फोटो ते गेल्यावर सापडत नाही. घरात चार मोबाइल असतात, त्यांत हजारो फोटो असतात. पण ‘हा आमचा बा’ असं म्हणून दाखवावा असा एकही नसतो.

म्हणून सोलापूरकरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्या घरातल्या थोरामोठ्यांचा, कष्टाच्या माणसांचा एक नीट फोटो त्यांच्या हयातीतच काढा. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. अर्धा तास लागतो आणि एका प्रश्नाचं उत्तर लागतं. फोटोला बसवलं की लहान असो, मोठा असो, प्रत्येक जण विचारतो, ‘कुठं बघू?’ आपण घाईत म्हणतो, ‘इकडं बघा, हसा.’ फोटो बिघडतो तो तिथंच. समोरच्या माणसाची नजर कुठं टेकणार आणि का टेकणार, हे फोटो काढणाऱ्यानं आधी ठरवायला हवं. ते ठरलं की मान, खांदे, हात आपोआप जागेवर येतात. ते ठरलं नाही, तर माणूस अवघडतो आणि ते अवघडलेपणच भिंतीवर जातं.

ताठ बसायची सवय

जुन्या फोटोंत माणसं काठी गिळल्यासारखी बसलेली दिसतात, त्याला कारण होतं. १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या रसायनाच्या काचेवर फोटो घेण्याची पद्धत जाहीर केली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं जगभर तीच चालली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. त्या काळी फोटो घेताना भिंग काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात मान हलली की चेहरा पुसट होई, म्हणून स्टुडिओत डोक्यामागं लोखंडी टेकू लावत. हसू इतका वेळ टिकत नाही, म्हणून ओठ मिटलेले. नजर भिरभिरली की डोळे धूसर उमटत, म्हणून ती एका जागी खिळवलेली. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या हयातीतले म्हणून जे फोटो आपल्या जिल्ह्यात घरोघरी पुजले जातात, ते याच जमान्यातले.

आजचा मोबाइल चांगल्या उजेडात सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात फोटो टिपतो. ताठ बसायचं कारण कधीच संपलं, सवय मात्र पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. मोबाइल समोर धरला की आजोबा छाती काढतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात आणि श्वास रोखतात. यात त्यांची चूक नाही. फोटो म्हणजे असंच बसायचं, हे त्यांना शिकवलं गेलं. त्यांना त्यातून मोकळं करणं हे आता आपलं काम.

आधी विचारा

फोटोची पहिली पायरी परवानगी. घरच्या माणसालाही विचारावं. आईला स्वयंपाक करताना, घामेजलेल्या चेहऱ्यानं, न सांगता टिपलं आणि ते घरच्या ग्रुपवर टाकलं तर तिला बरं वाटेलच असं नाही. ‘तुझा एक चांगला फोटो काढायचाय, कधी काढू?’ एवढं विचारलं की ती स्वतः लुगडं निवडते, केस विंचरते आणि त्या फोटोला तिचाही हात लागतो.

आपल्या शेजारच्या हैदराबादेत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांचा मोठा स्टुडिओ होता. पडद्यातल्या बायकांसाठी १८९२ मध्ये त्यांनी तिथं वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचं काम एका इंग्रज बाईकडं सोपवलं. परक्या पुरुषासमोर बाईची नजर मोकळी होणार नाही, हे त्या धंद्यातल्या माणसानं ओळखलं होतं. हे शहाणपण आजही कामाला येतं. नवी सून सासऱ्यासमोर अवघडत असेल तर फोटो नणंदेनं काढावा. आज्जी मुलापेक्षा नातीसमोर जास्त खुलत असेल तर मोबाइल नातीच्या हातात द्यावा. फोटो कुणी काढला याला महत्त्व नाही. कुणासमोर माणूस मोकळेपणानं बसतो, याला आहे.

मनाविरुद्ध टिपलेल्या नजरेचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे शरबत गुला. १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी या अफगाण मुलीचा फोटो घेतला. जून १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि तिचे हिरवे डोळे जगभर पोचले. तिचं नाव मात्र २००२ पर्यंत जगाला ठाऊक नव्हतं. सापडल्यावर तिनं सांगितलं की, त्या वेळी तिला राग आला होता. फोटो घेणारा माणूस परका होता. सगळ्या जगाला ज्या नजरेनं भुरळ घातली, तिच्यामागं एका पोरीची नाराजी होती. आपण फोटो काढताना हे विसरू नये. डोळे कितीही सुंदर असोत, ते ज्याचे त्याचे आहेत.

नजर टेकायला चार जागा

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. ‘कुठं बघू?’ याची साधारण चार उत्तरं आहेत. चारही लक्षात ठेवा आणि माणूस पाहून निवडा.

पहिली जागा भिंगाची. भिंतीवर लावायचा, पुढच्या पिढीनं समोर उभं राहून पाहायचा फोटो असेल, तर नजरेला नजर भिडलेली चांगली. पण मोबाइलवर एक अडचण येते. ज्येष्ठ माणसं भिंगाकडं न बघता मोबाइलच्या मधोमध नाहीतर तुमच्या तोंडाकडं बघतात, आणि सेल्फी असेल तर पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडं. भिंग असतं वरच्या कोपऱ्यात. मग फोटोत नजर किंचित खाली किंवा बाजूला गेलेली दिसते. बोट ठेवून दाखवा: ‘मावशी, हा काळा ठिपका दिसतो ना, याच्यात बघा.’ डोळे थकले असतील, सारखे मिचकावत असतील, तर म्हणा, ‘डोळे मिटा. मी तीन म्हटलं की सावकाश उघडा.’ उघडल्याबरोबर जो पहिला क्षण असतो, त्यात चेहरा ढिला आणि नजर ताजी असते. तो टिपा.

दुसरी जागा उजेडाची. काही माणसांना भिंगाकडं बघणं जमतच नाही, चेहरा आक्रसतो. त्यांना खिडकीकडं, दाराकडं बघायला सांगा. मात्र ‘तिकडं बघा’ म्हणून सोडू नका; नेमकी वस्तू दाखवा. खिडकीची कडी, अंगणातलं तुळशीवृंदावन, समोरच्या गच्चीवरची टाकी. आणि मान न वळवता नुसते डोळे फिरवू देऊ नका. नाक जिकडं, बुबुळं तिकडं, हा साधा नियम. चेहरा समोर आणि बुबुळं कोपऱ्यात गेली की डोळ्यांत पांढरं जास्त दिसतं आणि भला माणूसही फोटोत बावरलेला, चोरून बघणारा वाटतो. नजर डावीकडं असेल तर फोटोत त्या बाजूला मोकळी जागा ठेवा, म्हणजे ती नजर चौकटीला जाऊन आदळत नाही.

तिसरी जागा माणसाची. आजोबांची नजर मोबाइलसमोर दगडासारखी होत असेल, तर तुमच्या खांद्याशी त्यांच्या लाडक्या नातवाला उभं करा आणि त्याला बोलू द्या. ते त्याच्याकडं बघतील. भिंगाशेजारीच बघत असल्यामुळं फोटोत नजर आपल्याकडंच वाटेल, पण त्यात माया असेल. जे हसू ‘हसा’ म्हणून येत नाही, ते नातवाच्या एका प्रश्नानं येतं.

चौथी जागा कामाची. ज्यांचे हात आयुष्यभर रिकामे राहिले नाहीत, त्यांना रिकाम्या हातांनी बसवलं की ते हरवतात. त्यांच्या हातात त्यांचं काम द्या आणि नजर त्या कामावर राहू द्या. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात घेतलेला गांधीजींचा फोटो आठवा. पुढं चरखा, मागं जमिनीवर बसून कागद वाचणारे गांधीजी. त्यांची नजर आपल्याकडं नाही, हातातल्या कागदावर आहे. तरी तो माणूस पुरता समोर येतो. फोटो काढण्याआधी त्या बाईला सूत कातायला शिकावं लागलं, अशी तिथल्या लोकांची अट होती. ज्याचा फोटो काढायचा त्याचं काम आधी समजून घ्या, हाच त्या अटीचा अर्थ. आपल्याकडचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं समई हाती घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ च्या सुमारास त्यांची मुलगीच त्यासाठी उभी राहिली होती. तीही आपल्याकडं बघत नाही, तरी पाहणारा तिच्यासमोर खिळून राहतो. कारण हातातला दिवा, त्याचा उजेड आणि तिचं लक्ष यांचा मेळ बसलेला आहे. नजर कुठंही असो, ती तिथं असण्याला कारण हवं.

बोला, पण हुकूम सोडू नका

‘मान वर, हनुवटी खाली, हसा, हलू नका’ असा भडिमार केला की माणूस गोंधळतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि ती त्याच्या भाषेत सांगा. आपल्या शहरात घरागणिक बोली बदलते. तेलुगू बोलणाऱ्या आज्जीला ‘इटु चूडंडी’ म्हणा, कन्नड बोलणाऱ्या आजोबांना ‘इल्ली नोडी’ म्हणा, दख्खनी बोलणाऱ्या चाचांशी दख्खनीत बोला. परक्या भाषेत सूचना ऐकणारा चेहरा अर्थ लावत बसतो. आपल्या भाषेत तो लगेच सैलावतो. आणि ‘ए, इकडं बघ’ असं कुणालाच म्हणू नका, मग ती भांडी घासायला येणारी बाई असो की हमाल. ‘अहो मामा’, ‘मावशी’, ‘अक्का’ म्हटलं की नजर आपसूक वर येते.

गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे आपल्या मराठी मुलखातले थोर व्यक्तिचित्रकार. हिंदी-मराठी पडद्यावरचे किती तरी चेहरे त्यांच्या कॅमेऱ्यातून आपल्यापर्यंत आले. त्यांच्या ‘चेहरे’ या पुस्तकात फोटोंच्या जोडीला त्या माणसांविषयी लिहिलेलंही आहे. माणूस जाणून घेणं आणि त्याचा फोटो काढणं ही दोन वेगळी कामं नाहीत, हे त्यातून शिकावं. तुमच्या आज्जीला तुम्ही जितकं ओळखता तितकं कुठलाही मोठा फोटोग्राफर ओळखणार नाही. त्या ओळखीचा उपयोग करा. तिच्या माहेरच्या गावाचं विचारा, पहिल्या पगाराचं विचारा, गिरणीच्या भोंग्याचं विचारा. आठवण सांगून झाल्यावर ती क्षणभर गप्प होते, तेव्हा बटण दाबा. बोलताना तोंड हलतं. बोलून झाल्यावर चेहरा खरा होतो.

मान, खांदे, हात

बसण्याचं थोडक्यात सांगतो. खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवू नका. दोन-तीन हात पुढं ओढा, म्हणजे मागं काळी सावली पडत नाही. खांदे सरळ समोर न ठेवता थोडे तिरके करा आणि चेहरा भिंगाकडं वळवा. सरळ खांदे ओळखपत्राला ठीक, घरच्या फोटोत ते आखडलेले दिसतात. हनुवटीखाली मांस लोंबत असेल तर ‘हनुवटी वर’ म्हणू नका. तसं केलं की नाकपुड्या दिसतात आणि नजर तुच्छतेची वाटते. ‘कपाळ जरासं माझ्याकडं आणा’ म्हणा. मान लांबते, जबड्याची रेघ सुटी दिसते. उभ्या माणसाला सगळा भार एका पायावर टाकायला सांगा. हात कुठं ठेवायचे हा मोठा प्रश्न असतो. काठी, चष्म्याची डबी, पदराचं टोक, पोथी, जे रोज हातात असतं तेच द्या.

मोबाइल समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. खाली बसलेल्या माणसाचा फोटो उभ्यानं काढला की तो केविलवाणा दिसतो, कारण त्याला मान वर करून बघावं लागतं. तो जमिनीवर बसला असेल तर तुम्हीही मांडी घाला. लहान मुलासाठी गुडघ्यांवर या. आणि फार जवळ जाऊ नका. मोबाइलचं मुख्य भिंग रुंद दृश्य टिपणारं असतं. हातभर अंतरावरून घेतलं की नाक फुगतं आणि कान मागं पडतात. पाच-सहा फूट लांब उभं राहून दुप्पट झूम करा, चेहरा जसा आहे तसा येतो.

चष्म्यावर खिडकीची चमक येत असेल तर चष्मा काढायला लावू नका. रोज चष्मा घालणारा माणूस त्याशिवाय ओळखू येत नाही. चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी थोड्या वर उचलल्या, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक जाते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना उजेड बोचू शकतो. त्यांना सावलीत बसवा. एखाद्याचा डोळा तिरळा असेल, एक डोळा गेलेला असेल, तर त्यालाच विचारा, कोणत्या बाजूनं काढू? त्याला ते ठाऊक असतं, आणि विचारल्यानं त्याचा मान राहतो.

सोलापूरचं ऊन

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो. भर दुपारी उन्हात उभं केलेला माणूस डोळे किलकिले करणारच, आणि डोक्यावरच्या सूर्यानं डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडणारच. डोळेच दिसले नाहीत तर नजरेचं बोलणं व्यर्थ. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा. दुपारीच काढायचा असेल तर घराचं दार उत्तम. माणसाला दाराच्या आत, उंबरठ्यापासून हातभर मागं बसवा, तोंड बाहेर. अंगावर ऊन नाही, पण बाहेरचा सगळा उजेड चेहऱ्यावर. त्याच्या डोळ्यांत दाराच्या उजेडाचा एक पांढरा ठिपका उमटलेला दिसेल. तो ठिपका असला की डोळे जिवंत वाटतात. नसला की विझलेले. बटण दाबण्याआधी दोन्ही डोळ्यांत तो आहे का, एवढं जरूर तपासा.

खोल गेलेल्या डोळ्यांखाली सावली पडत असेल तर मांडीवर पांढरा पंचा किंवा टॉवेल पसरा. त्यावरून परतलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो. सोलापूरला टॉवेलची काय कमी? आपली जॅकार्डची चादर मात्र पाठीमागं टांगू नका. ती आपली शान आहे, पण तिची नक्षी इतकी भरगच्च असते की चेहरा तिच्यात बुडतो. मागं साधी भिंत असू द्या आणि चादर घडी करून मांडीवर, हाताखाली ठेवा. ज्यानं ती विणली त्याच्याच हाताखाली ती शोभते.

विडीचं सूप आणि माग

आपल्या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. त्यांचा फोटो उभ्यानं काढला तर दिसतो तो फक्त भांग. त्यांच्यासमोर जमिनीवर बसा. आधी वळू द्या. नजर बोटांवर असतानाचा एक फोटो घ्या. मग म्हणा, ‘अक्का, एवढी विडी झाली की वर बघा.’ काम पुरं झाल्यावर वर आलेली नजर मोकळी असते. अर्ध्यात थांबवलेली नजर त्रासलेली असते, कारण विडीचा हिशेब नगावर असतो आणि तुम्ही तिचा वेळ घेत असता. तो वेळ जास्त घेऊ नका.

यंत्रमागावर मात्र एक गोष्ट कटाक्षानं पाळा. माग चालू असताना कामगाराला ‘इकडं बघा’ म्हणून हाक मारू नका आणि फ्लॅश तर मारूच नका. त्याचं लक्ष ताण्यावर, तुटणाऱ्या धाग्यावर असतं. एक क्षण नजर हटली की बोटं जायची. खडखडाटात तुमचं बोलणं त्याला ऐकूही येत नाही. काम चालू असताना त्याला त्याच्याच नजरेत टिपा. समोर बघणारा फोटो हवा असेल तर माग बंद असताना, जेवणाच्या सुट्टीत, शेडच्या दारापाशी काढा.

मुंबईतल्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढणारे सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडं शहर बघायचं टाळतं, त्यांच्याकडं त्यांनी रोखून पाहिलं. सोलापूरला असं बघणारी पोरं हवीत. आपल्या गल्लीतल्या कष्टकऱ्यांपासून त्यांनी सुरुवात करावी.

मुलीचा फोटो

लग्नाच्या बायोडाटासाठी मुलीचा फोटो काढताना तिला अजूनही ‘खाली बघ’, ‘जरा लाजल्यासारखं कर’ असं सांगतात. आईबापांना माझी विनंती आहे, हे थांबवा. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी फोटोत नजर चोरताना दिसली तर तो फोटो तिचा नव्हे. तिला विचारा, तुला कसं दिसायचंय? तिची नजर सरळ असेल तर ती सरळच जाऊ द्या. चेहरा गोरा करणारं, नाक बारीक करणारं फिल्टर वापरू नका. आपल्या उन्हातला सावळा रंग चांगल्या उजेडात फार देखणा येतो. डोळ्यांतलं पांढरं आणखी पांढरं करण्याचा सोस तर अजिबात नको. त्यानं माणूस बाहुलीसारखा दिसतो. आणि असा फोटो तिला विचारल्याशिवाय दहा ग्रुपांवर फिरवू नका.

गड्डा आणि वारी

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं पाहिली की सगळ्यांचे मोबाइल वर होतात. दोन गोष्टी सांगतो. इतक्या पांढऱ्या कपड्यांमुळं मोबाइल फसतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे तो चेहऱ्याचा उजेड धरतो. आणि ज्याच्या अंगावर नंदीध्वजाचा भार आहे त्याला हाक मारू नका. तोल सांभाळणाऱ्याचं चित्त तिथंच राहू द्या. भार उतरवल्यावर दोन मिनिटं मागा, तो आनंदानं देईल. पंढरीच्या वाटेवरही तेच. सुरकुतलेला चेहरा दिसला की भिंग नाकाशी नेण्याची चढाओढ लागते. वारकरी चालून थकलेला असतो. त्याला ‘माउली’ म्हणा, चार शब्द बोला, मग विचारा. नको म्हणाला तर हात जोडून पुढं जा. फोटो काढू दिला तर तो त्याला दाखवा, आणि त्याच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवायची तयारी ठेवा.

छापा आणि नाव लिहा

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. मोबाइल पडतो, हरवतो, बदलतो; त्याबरोबर फोटो जातात. काढलेल्यांतला एक निवडा. निवडताना ज्याचा फोटो आहे त्यालाच विचारा, आणि तुम्हाला वेगळा आवडला तरी त्याची निवड मान्य करा. तो शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत छापून घ्या. पाठीमागं पेन्सिलीनं पूर्ण नाव, गाव, साल आणि काम लिहा: मागावर होते, विड्या वळत, भाजी विकत, शाळेत शिकवत. पन्नास वर्षांनी पणतू तो हातात घेईल तेव्हा त्याला चेहऱ्याबरोबर माणूसही कळेल. एक प्रत त्या माणसाला द्या. आपला चांगला फोटो आपल्या हयातीत आपल्याच हातात येणं, हा अनेकांच्या वाट्याला न आलेला मान आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाला दाराशी बसवा. चहा होऊ द्या, गप्पा होऊ द्या. भिंगाकडं एक, दाराबाहेरच्या उजेडाकडं एक, नातवंडांकडं एक, हातातल्या कामाकडं एक, असे चार फोटो काढा. झाले की शेजाऱ्यांकडं जा. ज्यांच्या घरात चांगला मोबाइल नाही, ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत, त्यांचेही काढा आणि छापून नेऊन द्या. गल्लीतल्या चार तरुण पोरापोरींनी मनावर घेतलं तर दिवाळीपर्यंत त्या गल्लीतला एकही म्हातारा माणूस फोटोवाचून राहणार नाही. हे काम कुठल्या अनुदानावाचून, कुणाच्या परवानगीपत्रावाचून होणारं आहे. उद्यावर टाकू नका. ज्यांचे फोटो काढायचे आहेत त्यांची वयं झालेली आहेत.